शीळकरी कस्तूर ऐकायचा कसा, पाहायचा कसा : कणकुंबी-चोर्ला पट्ट्यात नव्याने जाणाऱ्यांसाठी

मे संपत आला, वळवाच्या दोन-चार सरी पडल्या, की खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला उजाडण्याआधी ओढ्याकडून शीळ ऐकू येऊ लागते. एखादा पोरगा शाळेच्या वाटेवर आपल्याच तंद्रीत शीळ घालत चाललाय, असे वाटावे अशी. ही शीळ मलबारी शीळकरी कस्तुराची. काही जण त्याला पर्वत कस्तूर म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच हौशी पक्षीनिरीक्षक तो ऐकायला निघतात आणि धबधबा पाहून परत येतात. कारण ठरलेले असते : पोहोचायला नऊ वाजतात, जागा गर्दीची निवडलेली असते आणि अर्ध्या तासात पुढच्या ठिकाणाकडे गाडी वळते.

हा पक्षी शोधत फिरून मिळत नाही. एक ओढा धरायचा, त्यावरची एक जागा धरायची आणि तिथेच पुन्हा पुन्हा बसायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

१. आधी पक्षी ओळखून घ्या

आकार साळुंकीएवढा किंवा किंचित मोठा, लांबी २५ सेंटिमीटरच्या आसपास. अंग निळसर काळे, चोच आणि पाय काळे. कपाळावर आणि खांद्यावर चकाकता निळा पट्टा असतो, पण तो प्रकाश विशिष्ट कोनातून पडला तरच दिसतो. ही निळाई पिसांच्या बारीक रचनेमुळे उमटते. म्हणून ढगाळ पहाटे तोच पक्षी पूर्ण काळा दिसतो. निळा दिसला नाही म्हणून दुसराच पक्षी असेल, असे समजू नका.

नर आणि मादी दिसायला सारखेच. त्यामुळे वहीत ‘नर गात होता’ असे लिहू नये, ‘गाणारा पक्षी’ एवढेच लिहावे. पिल्लू घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले असेल तर ते तपकिरी दिसते आणि त्याच्या कपाळावर निळा पट्टा नसतो.

हिवाळ्यात घाटमाथ्याच्या उघड्या खडकांवर निळा कस्तूर येतो. त्याच्याशी नवख्यांची गल्लत होते. तो पाहुणा आकाराने लहान असतो, त्याचा निळा मळकट असतो आणि त्याला गर्द ओढ्याची ओढ नसते. पावसाळ्यात तो इथे नसतो.

२. हंगाम आणि वेळ

मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत गाणे ऐकायला मिळते. जून आणि जुलै सर्वांत चांगले. विणीचा काळ मोठा आहे, फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत कधीही घरटे असू शकते, पण या भागात बहुतेक लगबग पावसाच्या सुरुवातीच्या महिन्यांत दिसते. ऑक्टोबरनंतर गाणे जवळजवळ थांबते आणि ‘क्रीऽऽ’ अशी एकच धारदार हाक उरते.

कणकुंबी-चोर्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. इथले जंगल दक्षिणेकडच्या शोलावनासारखे उंच डोंगरावरचे नाही. पण जून ते सप्टेंबर ढग जमिनीला टेकलेले असतात, खोडांवर शेवाळ चढते, कातळावरून चोवीस तास पाणी ठिबकते. या पक्ष्याला हेच हवे असते.

जूनमध्ये इथे सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. गाणे त्याच्या बरेच आधी, काळोख पुरता सरला नसताना सुरू होते. तेव्हा बाकीचे पक्षी अजून गप्प असतात. म्हणून सव्वापाचला तुम्ही जागेवर बसलेले असायला हवे, गाडीतून उतरत असायला नको. साडेसात-आठनंतर गाणे तुटक होत जाते. संध्याकाळी अंधारून येताना पुन्हा थोडे ऐकू येते. दाट ढगांनी भर दिवसा काळोखी आली तर तो दुपारीही गातो, पण त्या भरवशावर जाऊ नका.

बेळगावहून पहिल्या एसटीने निघून ही वेळ गाठता येत नाही. जांबोटी किंवा कणकुंबीच्या बाजूला आदल्या रात्री मुक्काम करणे हाच मार्ग. रात्री धुक्यात चोर्ल्याचा रस्ता गाडीने कापण्यापेक्षा ते सुरक्षितही आहे.

३. ओढा निवडणे

हे काम पाऊस सुरू होण्याआधी, एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या. तेव्हा ओढ्यात उतरता येते, वाटा कळतात आणि पावसाळ्यात पाणी कुठवर चढते याच्या खुणा दिसतात. काठच्या झुडपांत अडकलेला पाचोळा, काटक्या, प्लास्टिक जिथपर्यंत आहे तिथपर्यंत मागच्या वर्षीचा पूर आला होता. तुमची बसायची जागा या रेषेच्या बरीच वर असली पाहिजे.

चांगल्या ओढ्याला काय हवे?

बारमाही किंवा निदान मेपर्यंत डबकी टिकणारा प्रवाह. सावली. पाण्यात आणि काठाला मोठे धोंडे. जवळ कुठेतरी ओली दरड किंवा छोटा धबधबा, जिच्या कपारीत घरटे होऊ शकेल. आणि खेकडे. दगड उलटून पाहिला (आणि परत जागेवर ठेवला) तर छोटे खेकडे दिसायला हवेत. जिथे खेकडे भरपूर तिथे या पक्ष्याची शक्यता जास्त.

मोठा धबधबा टाळा, हे आवर्जून सांगावेसे वाटते. मोठ्या धबधब्याच्या आवाजात गाण्याचे मऊ भाग बुडून जातात आणि रविवारी तिथे माणसांचा आवाज पाण्याहून मोठा असतो. त्याच ओढ्यावर तीनशे-चारशे मीटर वर किंवा खाली, जिथे पाणी खळाळते पण गर्जत नाही, तिथे बसा.

गावकऱ्यांना विचारा. कणकुंबी, पारवाड, चिखले, चोर्ला या भागात पहिल्या पावसात खेकडी धरायला जाणारी माणसे, गुरे राखणारी मुले आणि पहाटे शेतावर जाणाऱ्या बायका ओढ्याचा प्रत्येक वळसा ओळखतात. प्रश्न मात्र मोकळा ठेवा. “मामा, पावसात पहाटे शीळ घालणारा पक्षी कुठं ऐकू येतो?” एवढेच. फोटो दाखवून “हाच ना?” असे विचारले तर पाहुण्याला नाराज करायचे नाही म्हणून कोणीही “व्हय, हाच” म्हणेल. मोबाइलवर आवाज वाजवून दाखवायचा असेल तर घरात बसून दाखवा, ओढ्याकाठी नको.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आंबोलीही सोयीची आहे. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावरच्या या गावात शीळकरी कस्तूर रस्त्याजवळच्या ओढ्यांवरही ऐकू येतो आणि राहायची सोय होते. कान तिथे तयार करून मग खानापूरच्या जंगलाकडे वळलात तर अर्धे काम झालेले असते. फक्त शनिवार-रविवार टाळा.

४. परवानगी आणि कागद

खानापूर तालुक्यातले भीमगड वन्यजीव अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. त्याच्या हद्दीत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागू आहे : कलम २७ नुसार परवानगीशिवाय प्रवेश नाही आणि कलम २८ नुसार अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन यांसाठी परवाना घ्यावा लागतो. आपण पक्षी पाहतो, शिकार करत नाही, हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

अडचण अशी, की हद्द जमिनीवर आखलेली नसते. चोर्ल्याच्या आसपास तर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या सीमा जवळजवळ आहेत. ओढ्याच्या कडेने उतरत गेलात की कधी गोव्याच्या म्हादई अभयारण्यात शिरलात ते कळत नाही, आणि तिथे बेळगावचा कागद उपयोगाचा नाही. म्हणून नकाशावर जागा दाखवून ती कोणाच्या हद्दीत येते हे त्या भागाच्या रेंज ऑफिसमध्ये आधी विचारून घ्या. गावाशेजारचा ओढा असेल आणि जमीन खासगी असेल, तर मालकाला सांगितल्याशिवाय पहाटे अंधारात तिथे बॅटरी घेऊन फिरू नका.

पावसाळ्यात धबधब्यांकडे जाणाऱ्या वाटा वनविभाग अनेकदा बंद करतो. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी फोन करून खात्री करा.

सोबत ठेवायचे कागद :

– अर्ज, दोन प्रती. कन्नड किंवा इंग्रजीत लिहिलेला असेल तर टेबलावरून लवकर सरकतो. कन्नड लिहिता येत नसेल तर ओळखीच्या शिक्षकाकडून लिहून घ्या.
– अर्जात तारखा, ठिकाण, माणसांची संख्या, गाडीचा नंबर, उद्देश आणि उपकरणांची यादी. ‘ड्रोन नाही, आवाज वाजवणार नाही’ हे वाक्य स्वतःहून लिहा.
– प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि मूळ ओळखपत्र.
– मिळालेल्या परवानगीची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत. मोबाइलमधला फोटो पुरेसा धरू नका, पावसात फोन बंद पडतो आणि बऱ्याच ठिकाणी रेंजही नसते.

५. सामान

दुर्बीण ८ × ४२ घ्या. दहापट मोठे दिसते म्हणून १० × ४२ घेण्याचा मोह होतो, पण इथे प्रश्न उजेडाचा आहे. भिंगाचा व्यास भागिले पट, या हिशेबाने ८ × ४२ मधून डोळ्याकडे ५.२५ मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो, १० × ४२ मधून ४.२ चा. झाडीखालच्या पहाटे हा फरक डोळ्यांना जाणवतो. शिवाय पट वाढला की हाताचा कंपही वाढतो. दुर्बीण आतून नायट्रोजन भरलेली, पाणीरोधक असावी. नसेल तर दोन दिवसांत आतून वाफ धरते आणि भिंगांवर बुरशी चढते. परत आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

शिसपेन्सिल आणि कडक पुठ्ठ्याची वही. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही, शाईपेन पसरते. घड्याळ मनगटावर हवे, दर वेळी फोन काढलात तर त्याच्या उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडते. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा.

बसायला प्लास्टिकचा चौकोनी तुकडा. कपडे मळखाऊ हिरवे किंवा तपकिरी. चुरचुर वाजणारा रेनकोट नको. जाड छत्री किंवा गावाकडची घोंगडी उत्तम. घोंगडीवर पावसाचा आवाज होत नाही.

जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे कापडी मोजे, पँट त्यांच्या आत. मोज्यांवर तंबाखूचे पाणी लावायची इथली रीत आहे आणि ती उपयोगी पडते. पाय मात्र ओढ्यात बुडवू नका, तंबाखू बेडकांना आणि पाण्यातल्या जीवांना विषारी असते. जळू चिकटलीच तर ओढू नका, नखाने तिचे तोंड बाजूला सरकवा, सुटते.

एप्रिल-मेच्या फेरीत धोका जळवांचा नसून गोचिडांचा असतो. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागात माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. पाचोळ्यावर बसू नका, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका. पुढच्या आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे सांगा.

६. पहाटेची बैठक

बसायच्या जागेवर पोहोचायची वाट आदल्या दिवशी उजेडात चालून पाहा. पहाटे दोघांनी जावे. एकट्याने नाही आणि चौघांनीही नाही. या भागात अस्वले आणि गवे आहेत, त्यामुळे चालताना अधूनमधून हलके बोलत, बॅटरी जमिनीवर ठेवत जा. बसायच्या जागेपासून शंभर मीटरवर आलात की बोलणे बंद. हात टेकण्याआधी खडक आणि फांदी पाहा. पावसात मलबारी चापडा ओढ्याकाठच्या झुडपावर अगदी हाताच्या उंचीला बसलेला असतो आणि हलत नाही.

बसताना तीन गोष्टी जमवा. पाठ झाडाला किंवा धोंड्याला, म्हणजे तुमची बाह्याकृती आभाळावर उमटत नाही. ओढ्याचा तीस-चाळीस मीटरचा पट्टा समोर, पण खळाळ कानाच्या एका बाजूला. पाण्याच्या अगदी तोंडाशी बसलात तर पक्षी दिसेल, ऐकू येणार नाही. काठापासून दहा-पंधरा मीटर मागे सरकलात की दोन्ही साधते.

मग हलायचे नाही. पहिली वीस मिनिटे काहीच घडले नाही तरी नाही. पक्ष्याने तुम्हाला आधीच पाहिले असेल तर तो ‘क्रीऽऽ’ करून पाण्याला लागून उडत ओढ्याच्या वळणाआड जातो. अशा वेळी त्याच्या मागे जाणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. तो त्याच्या पट्ट्याच्या टोकापर्यंत जातो, तुम्ही पोहोचलात की तुमच्या डोक्यावरून मागे येतो आणि ही धावपळ चालू राहिली तर त्या सकाळी गात नाही. जागेवर बसून राहिलात तर बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासात तोच परततो.

आवाजाकडे तोंड करून शोधू नका, आधी दिशा पक्की करा. डोळे मिटा, मान सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवा आणि दोन्ही कानांना आवाज सारखा लागेल तिथे थांबा. पक्षी तुमच्या नाकाच्या रेषेत आहे. मग डोळे उघडून पाण्याच्या पातळीपासून वर, एकेक थर पाहत जा : धोंडे, पडलेली खोडे, वेलींच्या खालच्या फांद्या. गाताना तो बहुतेकदा आडोशाच्या फांदीवर असतो, पण उंच शेंड्यावरच असेल असे धरून वर पाहत राहिलात तर हमखास चुकतो.

पाण्यावर लक्ष ठेवा. आवाज अचानक भारी झाला, पाणी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, की वरच्या अंगाला मोठा पाऊस झालेला आहे. त्या क्षणी सामान उचला आणि वर चढा. तुमच्या डोक्यावर पाऊस नसणे याचा पुराशी काही संबंध नाही. पलीकडच्या काठाला बसणे म्हणूनच कधीही करू नये, परतीची वाट बंद होते.

७. गाणे कानात बसवणे

गाण्याला ठरलेली चाल नाही. दोन-तीन लांब सूर येतात, मग एक सूर घसरत खाली उतरतो, मध्येच थबकतो, पुन्हा वर जातो. कडवे पूर्ण होतेय असे वाटते आणि ते होत नाही. सुरांची उंची माणूस शीळ घालतो साधारण त्याच पट्टीतली, म्हणूनच फसगत होते. एकदा सुरू झाले की मिनिटे-मिनिटे चालते.

सुरुवातीला स्वरलेखन वगैरे करू नका. वहीत आडवी रेघ ओढा, ती मधली पट्टी समजा. सूर वर गेला तर रेघेच्या वर वळण, खाली गेला तर खाली, थांबला तर मोकळी जागा. सूर जितका लांब तितकी रेघ लांब. दहा मिनिटे असे टिपल्यावर तुम्हाला दिसेल, की काही वळणे पुन्हा पुन्हा येतात. त्यांना अ, ब, क नावे द्या. पुढच्या वेळी नव्याने काढायची गरज नाही, ‘अ, अ, क, थांबा, ब’ असे लिहिता येते. आठवडाभरानंतर त्याच जागी अ आणि क सापडले, तर तोच पक्षी असण्याची शक्यता धरता येते. शक्यता असेच लिहा, खात्री नाही.

शेजारच्या ओढ्यावरून दुसरा गाऊ लागला तर दोघांच्या वेळा वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. एकाचे संपल्यावर दुसरा सुरू होतो की दोघे एकमेकांवर गातात, ही बघण्याजोगी गोष्ट आहे आणि ती दोन माणसे असतील तरच नीट टिपता येते.

कोणाकोणाशी गल्लत होते?

गुराखी. गमतीने सांगत नाही, खरेच होते. माणसाची शीळ चालीत असते, श्वास घ्यायला ठराविक जागी थांबते आणि तिच्यासोबत घंटांचा आवाज पुढे सरकतो.

भृंगराज कोतवाल. हा पट्टीचा नकलाकार आहे. कस्तुराची शीळ हुबेहूब काढतो. तपासायची रीत एकच : ऐकत राहा. मिनिटाभरात तीच जागा शिक्र्याची हाक, बुलबुल किंवा खारीचा आवाज काढू लागली तर तो भृंगराज. शिवाय तो वरच्या फांद्यांत असतो.

श्यामा. ओढ्यापासून दूर, बांबूच्या बेटात, गाणे भरघोस, सूर वेगाने बदलणारे. त्यात थबकणे नाही.

नारिंगी डोक्याचा कस्तूर. गोड, पण वाक्ये छोटी आणि प्रत्येक वाक्य दोन-तीनदा उगाळलेले.

साधा कस्तूर. उघड्या शेंड्यावरून गातो, दिवस वर आल्यावरही गातो.

मर्लिनसारखे आवाज ओळखणारे ॲप सोबत असेल तर त्याचे उत्तर सूचना म्हणून घ्या. ओढ्याच्या खळाळात ते चुकते आणि भृंगराजाच्या नकलेला हमखास फसते.

८. वर्तनात काय पाहायचे

गाणे ऐकून लोक उठतात, पण खरा खजिना त्यानंतर सुरू होतो. उजाडल्यावर पक्षी खाली उतरतो आणि खायला लागतो.

शेपूट पाहा. धोंड्यावर बसला की तो ती सावकाश पंख्यासारखी उघडतो आणि मिटतो. झाडीच्या काळोखात आधी ही हालचाल दिसते, पक्षी नंतर. पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारत तो ओल्या कातळावर फिरतो, पाचोळा चोचीने उलटतो, गांडुळे, गोगलगायी, किडे टिपतो. बेडूकही खातो आणि जंगलातली पिकलेली फळेही.

खेकडा सापडला तर दुर्बीण रोखून ठेवा. तो खेकड्याला धरून खडकावर आपटतो, नांग्या तुटेपर्यंत. मग मऊ भाग खातो. त्याची आपटायची जागा बऱ्याचदा ठरलेली असते. ओढ्यातल्या एखाद्या सपाट धोंड्यावर नांग्यांचे आणि कवचाचे तुकडे साचलेले दिसले, तर तुम्हाला त्याचे ताट सापडले. पुढच्या बैठकीची जागा त्या धोंड्यावरून ठरवा. पाणमांजर आणि मुंगूसही खेकडे खातात. मात्र पाणमांजराच्या जागेवर विष्ठेत चुरा झालेले कवच आणि माशांचे काटे असतात, कस्तुराच्या धोंड्यावर तुटलेले मोठे तुकडे.

नोंदीसाठी पाच रकाने पुरतात : वेळ, काय ऐकले, काय पाहिले, पाऊस-उजेड, आणि शेवटचा ‘अंदाज’. हा शेवटचा रकाना वेगळा ठेवणे फार महत्त्वाचे. ‘पक्षी चोचीत किडा घेऊन दरडीकडे गेला’ ही नोंद. ‘पिल्लांना भरवत असावा’ हा अंदाज. दोन्ही एका वाक्यात मिसळले की महिन्याने तुम्हालाच कळत नाही, डोळ्यांनी काय पाहिले होते.

दर दहा मिनिटांनी एक ओळ लिहा, काही घडले नसेल तरी. ‘६.१० ते ६.२०, मुसळधार, शांत’ ही नोंद नंतर मोलाची ठरते, कारण किती पावसात तो गातो आणि किती पावसात थांबतो हे तिच्यावरूनच कळते.

९. ध्वनिमुद्रण

फोन चालेल. विमान मोडवर टाका. डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झवर मुद्रित करणारे ॲप घ्या, कारण दाबलेल्या फाइलमध्ये मंद सूर खरवडले जातात. आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर पक्षी थांबताच ओढ्याचा आवाज उसळून वर येतो आणि मुद्रण वाया जाते. पातळी अशी ठेवा, की सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील.

पाण्याचा घोंगावता भाग मुख्यतः खालच्या पट्टीत असतो. वेगळा मायक्रोफोन असेल तर त्यावरचा खालचे सूर कापणारा खटका चालू करा आणि तुमच्या व धबधब्याच्या मधे एखादा धोंडा येईल असे बसा. यंत्राने जे साधत नाही ते जागा बदलून साधते.

छत्रीवरच्या पावसाचा ताशा मुद्रणात सगळे बुडवतो. छत्रीवर काथ्याची विरळ गादी किंवा घोंगडी टाका, थेंब फुटून आवाज मरतो. मुद्रणाच्या शेवटी हळू आवाजात तारीख, वेळ, ठिकाण आणि पाहिलेले-न पाहिलेले सांगा. फाइलचे नाव बदलायला विसरलात तरी माहिती आत राहते.

मुद्रित आवाज पक्ष्याला ऐकवू नका. विणीच्या दिवसांत तो घुसखोर आलाय समजून गाणे आणि भरवणे सोडून हद्द राखायला धावतो. त्यातून मिळणारा फोटोही त्याच्या रोजच्या वागण्याचा नसतो.

१०. घरटे दिसले तर

घरटे म्हणजे शेवाळ, मुळ्या आणि चिखल यांचा मोठा वाडगा. ओल्या दरडीच्या कपारीत, धबधब्याच्या आडोशाला, क्वचित झाडाच्या ढोलीत किंवा वापर नसलेल्या इमारतीच्या कोपऱ्यात. अंडी दोन ते चार. आई-बाप दोघेही उबवतात, सुमारे सोळा-सतरा दिवस. तीच कपार पुढच्या वर्षीही वापरली जाते, म्हणून एकदा बिथरवलेली जागा कायमची जाऊ शकते.

तीस मीटरच्या आत जाऊ नका. पक्षी चोचीत खाणे घेऊन एकाच ठिकाणी ‘क्रीऽऽ क्रीऽऽ’ करत राहिला आणि दरडीकडे जात नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. उठा आणि आलात त्याच वाटेने मागे फिरा. समोरची पाने तोडणे, फांदी बांधून ठेवणे, फ्लॅश मारणे हे तर नाहीच. मोकळी झालेली जागा आधी माकडांना आणि शिक्र्याला दिसते. अंड्याला किंवा घरट्याला हात लावणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

घरट्याची नेमकी जागा कुठल्याही गटावर टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे दहा कॅमेरे उभे राहतात.

११. नोंद पुढे पाठवणे

ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर) यादी भरताना ‘एका जागी बसून’ हा प्रकार निवडा, मिनिटे अचूक लिहा आणि त्या बैठकीत दिसलेले-ऐकलेले सगळे पक्षी भरा, फक्त कस्तूर नव्हे. ऐकलेला आणि पाहिलेला असा भेद टिपणात लिहा. घरट्याशी संबंधित नोंद असेल तर ठिकाण गावाच्या नावावर ठेवा, ओढ्याच्या नेमक्या बिंदूवर नको. चांगले मुद्रण झेनो-कॅन्टोवर, म्हणजे पक्ष्यांचे आवाज जमवणाऱ्या संकेतस्थळावर देता येते. तिथेही हाच नियम.

खानापूरच्या पश्चिम पट्ट्यातून पावसाळी नोंदी कमी येतात, कारण पावसात फार कोणी जात नाही. त्यामुळे जूनच्या एका पहाटेची साधी, प्रामाणिक यादीसुद्धा कामाची असते.

ऑक्टोबर ते एप्रिल वही बंद ठेवू नका. महिन्यातून एकदा त्याच धोंड्यासमोर तासभर बसा. या काळात काही पक्षी थोडेफार इकडेतिकडे सरकतात. तुमच्या ओढ्यावर तो राहतो की जातो, आणि पुन्हा पहिली शीळ कोणत्या तारखेला येते, हे लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांच्या तारखा जमल्या की त्या शेजारी पहिल्या वळवाची तारीखही लिहा.